दुसरी पदवी नर्सिंगची: अमेरिकेत अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएनला अर्ज करताना आणि कॉलेज निवडताना

भारतातली पदवी हातात आहे, मुलं शाळेत जायला लागली आहेत, पण त्या पदवीवर अमेरिकेत मनासारखं काम मिळत नाही. अशा वेळी नर्सिंगचा विचार करणारी मराठी माणसं आता कमी नाहीत. त्यात बीई, बीकॉम, मायक्रोबायॉलॉजीचे बीएससी आहेत. बीएएमएस आणि बीएचएमएस केलेलेही बरेच आहेत, कारण त्या पदव्यांवर इथे डॉक्टरकीचा परवाना मिळत नाही. या सगळ्यांसाठी असलेल्या अभ्यासक्रमाचं नाव अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन, म्हणजेच एबीएसएन (बीएसएन म्हणजे नर्सिंगमधली बॅचलर पदवी). आधी कुठल्याही विषयाची पदवी असेल तर नर्सिंगची पदवी साधारण ११ ते १८ महिन्यांत पूर्ण होते. सेंट लुइस विद्यापीठाने १९७१ मध्ये असा अभ्यासक्रम सुरू केला, आणि आज जवळपास प्रत्येक राज्यात तो मिळतो.

बहुतेक जण आधी कॉलेजांची यादी काढतात, फी बघतात आणि मग बाकीचं शोधायला लागतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. आपल्याला कुठल्या राज्यात आणि कुठल्या व्हिसावर काम करायचं आहे ते आधी ठरवावं, आणि तिथून मागे येत कॉलेजपर्यंत पोचावं.

ही वाट नक्की तुमची आहे का

भारतात जीएनएम किंवा बीएससी नर्सिंग झालं असेल तर एबीएसएनवर पैसे घालवू नका. तुमच्या शिक्षणाचं मूल्यमापन करून थेट राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे परवान्यासाठी अर्ज करता येतो. हे मूल्यमापन वर्षानुवर्षं सीजीएफएनएस ही संस्था करत आली आहे, आता तिचं नाव ट्रूमेरिट झालं आहे. ती प्रक्रिया वेगळी, तिचा खर्चही बराच कमी.

महाराष्ट्रात बसून एफ-१ व्हिसावर एबीएसएन करायचा विचार असेल, तर कर्ज काढण्याआधी पुढचा हिशेब मांडा. पदवीनंतर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरची कामाची परवानगी) सहसा एकच वर्ष काम करता येतं, इंजिनिअरिंगवाल्यांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ नर्सिंगला मिळत नाही. वॉर्डातल्या नेहमीच्या नर्सच्या नोकरीला एच-१बी मिळणं अवघड असतं, कारण त्या नोकरीला बॅचलर पदवी लागतेच असं दाखवता येत नाही. दोन वर्षांच्या असोसिएट पदवीवरही माणूस आरएन (नोंदणीकृत नर्स) होतो. ग्रीन कार्डसाठी नर्स ‘शेड्यूल ए’मध्ये (टंचाईच्या नोकऱ्यांची सरकारी यादी) येतात, त्यामुळे लेबर सर्टिफिकेशनची पायरी वाचते, पण भारतात जन्मलेल्यांसाठी ईबी-३ या ग्रीन कार्ड वर्गाची रांग अनेक वर्षांची आहे. या परिस्थितीत लाखभर डॉलर कर्ज काढणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर शिकायला पूर्ण मुभा आहे. फुलटाइम कॉलेजसाठीही व्हिसा बदलावा लागत नाही. अडचण पुढे येते. नोकरीसाठी ईएडी (कामाची परवानगी) लागतं, आणि ते जोडीदाराची आय-१४० (ग्रीन कार्डची याचिका) मंजूर असेल किंवा त्यांच्या एच-१बीला सहा वर्षांपुढची वाढ मिळाली असेल तरच मिळतं. ईएडी नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि काही राज्यांची बोर्डं परवान्यासाठी तो नंबर मागतात. कॅलिफोर्नियाचं बोर्ड त्याऐवजी आयटीआयएन (कर भरण्यासाठीचा नंबर) चालवून घेतं. तुमच्या राज्याचा नियम बोर्डाला ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. कॉलेजच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला हे नेहमी माहीत असतंच असं नाही.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर हा सगळा भाग सोडून पुढे चला.

परवान्याचं गणित

नर्सिंगची पदवी मिळाली म्हणून कोणी नर्स होत नाही. एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा द्यावी लागते आणि त्यानंतर राज्याचं बोर्ड परवाना देतं. परीक्षा पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर संगणकावर होते, फी २०० डॉलर, वेळ पाच तास. प्रश्न किमान ८५ आणि जास्तीत जास्त १५०. तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न सोपा की अवघड ते संगणक ठरवतो. एप्रिल २०२३ पासून परीक्षेत रुग्णाची पूर्ण केस देऊन निर्णय विचारणारे प्रश्न आले आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या पाठांतराच्या सवयीवर निभावत नाही.

चाळीसहून अधिक राज्यं नर्स लायसेन्शर कॉम्पॅक्टमध्ये आहेत. त्यांपैकी एका राज्यात राहून मल्टिस्टेट परवाना घेतला की बाकीच्या राज्यांतही काम करता येतं. न्यू जर्सी आणि टेक्सस त्यात आहेत. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क आणि इलिनॉय नाहीत. ज्यांच्या घरात जोडीदाराच्या नोकरीमुळे दर दोन-तीन वर्षांनी राज्य बदलतं, त्यांना हे फार उपयोगाचं आहे. मात्र मल्टिस्टेट परवान्याला सोशल सिक्युरिटी नंबर लागतोच.

न्यू यॉर्कची आणखी एक गोष्ट. तिथे २०१७ च्या कायद्यानुसार असोसिएट पदवीवर आरएन झालेल्या नव्या नर्सना दहा वर्षांच्या आत बीएसएन पूर्ण करावी लागते.

भारतातली कागदपत्रं: सगळ्यात आधी हे हाती घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि तो तुमच्या हातात नसतो.

कॉलेजला तुमच्या पदवीचं ‘कोर्स-बाय-कोर्स’ मूल्यमापन लागतं, म्हणजे प्रत्येक विषयाचे क्रेडिट, ग्रेड आणि शेवटी जीपीए (ग्रेडची सरासरी). नुसतं ‘डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट’ स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका, ते इथे चालत नाही. डब्ल्यूईएस ही त्यातली सर्वांत परिचित संस्था. पण काही कॉलेजं दुसऱ्याच संस्थेचं मूल्यमापन मागतात, म्हणून तुमच्या यादीतली कॉलेजं कुठलं घेतात ते बघूनच पैसे भरा.

ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडून थेट जायला हवं. तुम्ही घरून पाठवलेल्या मार्कशीटच्या झेरॉक्स चालत नाहीत. मुंबई आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे ट्रान्स्क्रिप्टसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. आयुर्वेद-होमिओपॅथीवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झालं. त्याआधी पदवी मिळाली असेल तर तुमची कागदपत्रं नाशिकला नाहीत, ज्या विद्यापीठाच्या नावाने पदवी मिळाली तिथेच जावं लागेल. गावी कोणी भाऊ-बहीण खिडकीवर जाऊन उभं राहणारं असेल तर काम लवकर होतं, हे वेगळं सांगायला नको.

मग नावाचा घोळ. मार्कशीटवर आडनाव आधी, मधलं नाव वडिलांचं. लग्नानंतरच्या पासपोर्टवर आडनाव सासरचं आणि मधलं नाव नवऱ्याचं. काही जणींचं तर पहिलं नावही बदललेलं असतं. अमेरिकन कारकुनाला या दोन वेगळ्या बायका दिसतात. विवाह प्रमाणपत्र किंवा गॅझेटची प्रत, इंग्रजीत नसेल तर भाषांतरासह, पहिल्या दिवसापासून प्रत्येक अर्जाला जोडा. अर्जात एकच नाव ठरवून तेच सगळीकडे लिहा, आणि ते पासपोर्टवर किंवा ड्रायव्हिंग लायसन्सवर असलेलंच असू द्या. एनक्लेक्सच्या केंद्रावर ओळखपत्र आणि नोंदणीतलं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत.

तीन वर्षांची बीएससी किंवा बीकॉम असेल तर ती अमेरिकन चार वर्षांच्या पदवीइतकी धरली जाईल का, हे मूल्यमापन करणारी संस्था, तुमच्या विद्यापीठाचा नॅकचा दर्जा आणि तुमचा वर्ग यांवर ठरतं. एका संस्थेने ‘तीन वर्षांचं शिक्षण’ म्हटलं म्हणून सगळं संपलं असं नाही. आणि ६२ टक्के बघून घाबरू नका. भारतीय विद्यापीठांचे ६० च्या वरचे गुण मूल्यमापनात बऱ्याचदा ‘ए’ ठरतात. बहुतेक एबीएसएनची अट जीपीए ३.० ची असते.

प्रिरिक्विझिट

अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचे दोन भाग लॅबसह, मायक्रोबायॉलॉजी लॅबसह, स्टॅटिस्टिक्स, माणसाच्या वाढीचं मानसशास्त्र, न्यूट्रिशन आणि बऱ्याच ठिकाणी केमिस्ट्री. एवढे विषय प्रवेशाआधी पूर्ण केलेले साधारण सगळीकडे मागतात. विज्ञानाच्या विषयांना मुदत असते, अनेक ठिकाणी पाच ते सात वर्षं, काही ठिकाणी दहा.

बीएएमएसला रचना शारीर आणि क्रिया शारीर शिकलेल्या माणसाला अ‍ॅनाटॉमी पुन्हा करायला सांगितलं की राग येतो. राग रास्त आहे, पण वाद घालून फायदा होत नाही. मुदत उलटलेली असते, आणि परदेशी कॉलेजची लॅब मोजायची की नाही हा कॉलेजचा अधिकार आहे. कम्युनिटी कॉलेजात ते विषय पुन्हा करा. त्यात तोटा नाही: अमेरिकन ग्रेड हाती येतात, इथले प्राध्यापक शिफारसपत्र द्यायला मिळतात, आणि इतक्या वर्षांनी अभ्यासाला बसता येतं का तेही कळतं. कॅलिफोर्नियात तिथल्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी एका युनिटला ४६ डॉलर आहे. म्हणजे चार युनिटची अ‍ॅनाटॉमी दोनशे डॉलरच्या आत होते. हाच विषय खासगी विद्यापीठात ऑनलाइन घेतला तर कित्येक पट पैसे जातात, आणि ऑनलाइन लॅब काही नर्सिंग कॉलेजं मोजतच नाहीत.

अ‍ॅनाटॉमीचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, आणि काही ठिकाणी पहिल्याच्याही आधी बायॉलॉजी लागतं. त्यामुळे दोन ते तीन सेमिस्टर धरून चाला. ‘सी’ मिळाला तर पुन्हा घेऊ, असं म्हणणाऱ्यांनी आधी नियम वाचावा: किती वेळा पुन्हा घेता येतं आणि कुठली ग्रेड मोजतात, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

एक सापळा फक्त परदेशी पदवीवाल्यांसाठी. अमेरिकन पदवी असलेल्यांना इंग्रजी, इतिहास वगैरे सामान्य विषय माफ असतात, तुम्हाला असतीलच असं नाही. इंग्रजी कॉम्पोझिशन हमखास मागतात. टेक्ससमध्ये तर सरकारी विद्यापीठाची बॅचलर पदवी घ्यायची तर अमेरिकन इतिहासाचे ६ आणि सरकार-राज्यघटनेचे ६ क्रेडिट कायद्यानेच लागतात. हे १२ क्रेडिट अर्ज करताना लक्षात आले तर वर्ष जातं.

एबीएसएन, थेट एमएसएन की कम्युनिटी कॉलेज

दुसरी बॅचलर घेण्याऐवजी काही विद्यापीठं नर्सिंगेतर पदवीधरांना थेट मास्टर्सला (एमएसएन) घेतात. जॉन्स हॉपकिन्स आणि कोलंबिया ही त्यातली मोठी नावं. शेवटी परीक्षा तीच, एनक्लेक्स, आणि पहिली नोकरीही बहुधा तीच, वॉर्डातल्या नव्या आरएनची. थेट एमएसएन केलं म्हणून कोणी लगेच नर्स प्रॅक्टिशनर (रुग्ण तपासून औषधं लिहून देणारी नर्स) होत नाही, हे पुष्कळांना प्रवेश घेतल्यावर कळतं. फेडरल कर्जाचे नियमही बदलले आहेत. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस कर्ज मिळत नाही, आणि ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांसाठी वर्षाला २०,५०० डॉलरची मर्यादा आहे. महागड्या एमएसएनचा उरलेला खर्च कुठून आणायचा, हे आधी ठरवा.

कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट पदवी करून आरएन व्हायचं आणि नोकरी करता करता ऑनलाइन बीएसएन पूर्ण करायची, हा मार्ग मराठी घरांत उगाच कमी लेखला जातो. त्याला ‘पदवीनंतर डिप्लोमा’ समजतात. खर्च एबीएसएनच्या काही अंशातच भागतो, गती माणसासारखी असते, लहान मुलं असलेल्या घराला झेपते. तोटे दोन: प्रवेशासाठी गुणांकन, लॉटरी किंवा प्रतीक्षायादी असते, आणि शहरांतली मोठी रुग्णालयं नव्या भरतीत बीएसएन झालेल्यांना पसंती देतात. घरात दुसरा पगार स्थिर नसेल, तर मी हाच मार्ग आधी बघायला सांगेन.

कॉलेज कसं पारखायचं

पहिली चाळणी सोपी आहे. राज्याच्या बोर्डाची मान्यता आणि सीसीएनई किंवा एसीईएन या दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं अ‍ॅक्रेडिटेशन. ते नसेल तर पुढचं वाचूच नका. नंतर मास्टर्सला प्रवेश घेताना किंवा सैन्याच्या, वेटरन्सच्या रुग्णालयात नोकरी शोधताना त्याची गरज पडते.

दुसरं, एनक्लेक्सचा निकाल. प्रत्येक कॉलेजचा पहिल्या प्रयत्नातल्या उत्तीर्णांचा आकडा राज्याच्या बोर्डाच्या वेबसाइटवर असतो. कॉलेजच्या जाहिरातीतला आकडा घेऊ नका. अमेरिकेत शिकलेल्यांचं पहिल्या प्रयत्नातलं राष्ट्रीय प्रमाण २०२४ मध्ये ९१ टक्क्यांच्या आसपास होतं. एका वर्षाचा आकडा फसवा असतो, तीन-चार वर्षांचे ओळीने बघा. पण नुसता निकालही पुरेसा नाही. शंभर जण घेऊन तीस जणांना मधेच गळायला लावणारं कॉलेज उरलेल्या सत्तर जणांचा ९८ टक्के निकाल अभिमानाने छापतं. म्हणून विचारा: सुरू केलेल्यांपैकी किती जण वेळेत संपवतात? एका विषयात नापास झालं तर पुढच्या बॅचमध्ये घेतात की बाहेर काढतात? शेवटच्या सेमिस्टरला बाहेरच्या कंपनीची ‘एक्झिट’ परीक्षा असते का, आणि ती पास झाल्याशिवाय पदवी अडवतात का?

तिसरं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं, क्लिनिकल, म्हणजे रुग्णालयातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण. कुठल्या रुग्णालयात, घरापासून किती मैलांवर, दिवसा की रात्री, शनिवार-रविवारी का, आणि ती जागा शोधून देणं कोणाचं काम? पक्कं कॉलेज रुग्णालयांची नावं सांगतं. ‘आमचे अनेक भागीदार आहेत’ एवढंच उत्तर आलं तर सावध व्हा. बाळंतपण किंवा बालरोगाच्या जागा अपुऱ्या पडल्या की विद्यार्थ्यांना नुसत्या सिम्युलेशन लॅबवर भागवावं लागतं. शिवाय पहिली नोकरी बऱ्याचदा क्लिनिकल केलेल्या रुग्णालयातच मिळते, कारण तिथल्या नर्स मॅनेजरने तुम्हाला काम करताना पाहिलेलं असतं. आपल्याला जिथे नोकरी हवी त्या रुग्णालयात विद्यार्थी पाठवणारं साधं सरकारी विद्यापीठ दूरच्या नामांकित विद्यापीठापेक्षा सरस ठरतं, ते यामुळे.

‘ऑनलाइन एबीएसएन’ म्हणजे व्याख्यानं ऑनलाइन, पण लॅब आणि क्लिनिकल प्रत्यक्ष, ठरलेल्या शहरातच. अशा अनेक अभ्यासक्रमांची भरती विद्यापीठाऐवजी बाहेरची कंपनी करते. फॉर्म भरल्यावर थोड्याच वेळात ‘अ‍ॅडमिशन काउन्सेलर’चा गोड फोन येतो, मग दर आठवड्याला येत राहतो. ते लोक वाईट नसतात, पण त्यांचं काम जागा भरणं आहे. तुमचे प्रश्न नर्सिंग विभागाच्या प्राध्यापकांना आणि आत्ताच्या विद्यार्थ्यांना विचारा. विद्यार्थ्यांशी बोलायला देत नसतील तर तेही एक उत्तरच समजा.

पैसे

रहिवाशांना सरकारी विद्यापीठात एकूण खर्च तीस-चाळीस हजार डॉलरच्या घरात बसू शकतो, खासगीत साठ हजारांपासून लाखाच्या पुढे. यात गणवेश, पुस्तकं, टेस्टिंगची पॅकेजेस, पेट्रोल, मुलांचं डेकेअर आणि त्या काळात बुडलेला पगार धरलेला नसतो. नोकरी करत एबीएसएन होत नाही. काही कॉलेजं ते लेखी सांगतात, काही सांगत नाहीत.

ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना फाफसा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, भरता येतो. पण एक बॅचलर पदवी आधीच आहे, अगदी भारतातली असली तरी, म्हणून पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) मिळत नाही. आईवडिलांवर अवलंबून नसलेल्या प्रौढ विद्यार्थ्याला वरच्या वर्गांसाठी फेडरल कर्ज वर्षाला १२,५०० डॉलरपर्यंत मिळतं, उरलेली रक्कम खासगी कर्जातून किंवा बचतीतून. सरकारची नर्स कोअर शिष्यवृत्ती ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांनाच खुली आहे. ती फी भरते, वर दरमहा भत्ता देते, आणि बदल्यात नर्सांची टंचाई असलेल्या ठिकाणी किमान दोन वर्षं काम करावं लागतं. एच-४ वाल्यांना यातलं काही नाही. त्यांनी निदान आपल्या राज्यात रहिवाशांची फी लागू होते का ते बघावं, कारण फरक दुपटीहून जास्त असू शकतो. मे २०२४ मध्ये आरएनचं मध्यम वार्षिक वेतन ९३,६०० डॉलर होतं, पण राज्याराज्यांत फार तफावत आहे. तुमच्या शहरातल्या नव्या नर्सचा तासाचा दर शोधून त्यावर हिशेब मांडा.

अर्ज

बऱ्याच कॉलेजांचा अर्ज नर्सिंगकॅस या एकाच पोर्टलवरून जातो, काहींचा स्वतःच्या साइटवरून. सगळी ट्रान्स्क्रिप्ट पोचल्यावर पोर्टल ती तपासून पडताळतं आणि त्यात काही आठवडे जातात. शेवटच्या तारखेला ‘सबमिट’ करून उपयोग नसतो. सतत प्रवेश देणाऱ्या कॉलेजांत उशीर म्हणजे जागा संपलेली.

काही ठिकाणी टीस किंवा हेसी ए-टू ही प्रवेशपरीक्षा लागते. टीसमध्ये वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी असे चार भाग, १७० प्रश्न, २०९ मिनिटं. गणित आपल्याला दहावीच्या पातळीचं वाटेल. विज्ञानात सर्वांत मोठा भाग शरीरशास्त्राचा असतो, म्हणून अ‍ॅनाटॉमीचे दोन्ही भाग संपल्या संपल्या ती द्या. भारतात इंग्रजी माध्यमात शिकलो म्हणून टोफेल माफ होईल असं धरू नका, आधी विचारा.

निबंधात ‘मला लहानपणापासून लोकांची सेवा करायची होती’ असं लिहू नका, ते सगळेच लिहितात. आधीच्या कामातलं काय घेऊन येता ते ठोसपणे लिहा. क्लिनिकमध्ये रुग्ण तपासलेल्या बीएचएमएसने रुग्णाचं बोलणं ऐकून घेण्याबद्दल लिहावं, क्वालिटीत काम केलेल्या इंजिनिअरने चूक कुठे होते ते शोधण्याच्या पद्धतीबद्दल. डॉक्टरकीची पदवी असलेल्यांकडे समिती एका शंकेने बघते: याला नर्सिंगच करायचं आहे, की हा नाइलाज आहे? त्या शंकेचं उत्तर निबंधातच द्या. त्यासाठी अर्जाआधी रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात स्वयंसेवक म्हणून काम करा, जमलं तर काही आठवड्यांचा सीएनए (नर्सिंग सहायक) कोर्स करा. माणसाचं डायपर बदलणं आपल्याला जमतं का, हे पन्नास हजार डॉलर भरण्याआधी कळलेलं बरं.

तीन ते पाच अर्ज पुरेत. एकच कॉलेज धरून बसणं धोक्याचं, आणि दहा अर्ज म्हणजे प्रिरिक्विझिटच्या दहा वेगवेगळ्या याद्या.

प्रवेश मिळाल्यावर

डिपॉझिट भरण्याआधी फीची पूर्ण यादी आणि परतावा धोरण लेखी मागा. मग बॅकग्राउंड चेक, ड्रग टेस्ट, अमेरिकन हार्ट असोसिएशनचा बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण) कोर्स आणि लसी. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हेपटायटिस बी यांची लहानपणची कार्डं आपल्यापैकी कितीजणांकडे असतात? ती शोधत बसण्यापेक्षा रक्ताची टायटर तपासणी (रोगप्रतिकारशक्ती आहे का ते दाखवणारी) करून घ्या. हेपटायटिस बीचे डोस राहिले असतील तर मालिका पूर्ण व्हायला सहा महिने लागू शकतात, तेव्हा हे प्रवेशपत्राची वाट न बघता सुरू करा.

टीबीच्या तपासणीत त्वचेवरची चाचणी टाळा. लहानपणी बीसीजी टोचलेली असल्याने ती आपल्यात अनेकदा खोटी पॉझिटिव्ह येते, मग एक्स-रे आणि पत्रव्यवहारात क्लिनिकलची तारीख हुकते. त्याऐवजी क्वांटिफेरॉन ही रक्ताची तपासणी मागा. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही.